प्रकाशन-नोंद (प्रजननवैद्यक)

प्रजननवैद्यकातील संशोधकाने छापलेले शोधनिबंध, रुग्णवृत्तांत, पुस्तकांतली प्रकरणे आणि संपादकांना लिहिलेली पत्रे यांची कालक्रमाने केलेली यादी. नेमणूक, बढती किंवा अनुदानाच्या वेळी ती मागितली जाते. या शाखेत मात्र तिला आणखी एका कारणाने मोल आहे. आयव्हीएफने जन्मलेले मूल इतर मुलांसारखेच दिसते, त्यामुळे स्त्रीबीज शरीराबाहेर फलित झाले होते की नाही, हे बाळाकडे पाहून सांगता येत नाही. पुरावा असतो तो कागदावरच.

याचे सर्वांत बोलके उदाहरण परळचे आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या गटाचे हे यश. संस्था भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, रुग्णालय महापालिकेचे; म्हणजे खासगी क्लिनिकांचा जमाना येण्याआधी हे काम सरकारी आणि पालिकेच्या पैशावर उभे राहिले. प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवलेली होती, कार्यक्रमाची माहिती नियतकालिकांतून आली आणि हिंदुजा यांनी याच विषयावर मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. ‘भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी’ हा मान हर्षाकडे गेला.

पण त्याआधी आठ वर्षे, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात दुर्गा जन्मली होती. जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन हिच्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी. लुईसच्या जन्मामागचे ब्रिटिश संशोधक स्टेप्टो आणि एडवर्ड्‌स यांनी लुईसच्या जन्माचे वृत्त ऑगस्टमध्येच ‘लॅन्सेट’मध्ये एका छोट्या पत्राने जगापुढे ठेवले. दुर्गाचा जन्म घडवून आणणारे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या नावावर मात्र भ्रूण गोठवण्याविषयीचे एक त्रोटक टिपण होते, तेही ‘इंडियन जर्नल ऑफ क्रायोजेनिक्स’मध्ये, स्त्रीरोगतज्ज्ञ ते उघडून पाहतील अशी शक्यता कमीच. राज्य सरकारच्या समितीने दावा फेटाळला, परदेशी परिषदेला जायची परवानगी नाकारली गेली. १९८१मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्रोटक छापले हा सारा दोष त्यांच्याच माथी मारणे अन्यायाचे ठरेल, कारण सविस्तर लिहायला लागणारी सवड आणि पाठबळ त्यांना मिळालेच नाही.

पुढे आनंद कुमार यांनी मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणे तपासली आणि १९९७मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून पहिलेपणाचा मान त्यांचा असल्याचे मांडले. आपल्याच गटाचे श्रेय खाली उतरवणारा लेख संशोधकाच्या यादीत क्वचितच सापडतो. आनंद कुमार यांच्या यादीतला तो सर्वांत वजनदार म्हणावा लागेल. दुर्गाच्या वेळी वापरलेले मार्ग, म्हणजे संप्रेरके देऊन बीजांडकोश उद्दीपित करणे, योनिमार्गे स्त्रीबीज काढणे आणि भ्रूण गोठवून नंतरच्या चक्रात रोपणे, आज सर्वत्र रूढ आहेत.

आज याद्या लांबलचक असतात, पण निबंधांच्या संख्येवरून फारसे काही ठरत नाही. वाचणाऱ्याने आधी छेद पाहावा. यशाचा दर सुरू केलेल्या उपचारचक्रांमागे मोजला आहे की फक्त भ्रूणरोपणांमागे? दुसऱ्या रीतीत, रोपणापर्यंत न पोचलेल्या स्त्रिया हिशोबातून गळतात आणि आकडा फुगतो. गर्भधारणा झाली यावर थांबलेला निबंध आणि जिवंत बाळाच्या जन्मापर्यंत गेलेला निबंध, यांतही मोठे अंतर आहे. घरी बाळ येणे हेच जोडप्याला हवे असते. चाचणी आधी नोंदवली होती का, हे २००७पासून भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदवहीत पाहता येते.

मुंबईच्या संशोधकांची जुनी प्रकाशने शोधताना नावांची अडचण येते. १९९५पूर्वीच्या निबंधांत पत्ता ‘बॉम्बे’ असा आहे, आणि परळच्या त्या संस्थेचे नावही बदलत गेले. आज ती राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. मुखोपाध्यायांचे आडनाव ‘मुखर्जी’ असेही छापलेले सापडते. आद्याक्षरे आणि आडनाव एवढ्यावरच शोध घेतला तर दोन माणसांचे काम एका नावावर जमा होते, किंवा एकाचेच दोघांत वाटले जाते. म्हणून अलीकडे नियतकालिके लेखकाचा ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मागतात.