पार्श्वभूमी : धुरावरच्या बरगड्या आणि व्हिस्कीचा सॉस

धुरावर शिजवलेल्या डुकराच्या बरगड्या आणि त्यांवर चोपडलेला व्हिस्कीचा सॉस ही जोडी अमेरिकी दक्षिणेची जुनी परंपरा म्हणून मेनूकार्डांवर मिरवली जाते. यांतील बरगड्या खरोखरच जुन्या आहेत. सॉस मात्र आजच्या रूपात काही दशकांपेक्षा फारसा जुना नाही.

‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील टायनो लोकांच्या लाकडी माचाच्या नावावरून स्पॅनिशमार्गे आला, आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश मोहिमांबरोबर डुकरे उत्तर अमेरिकेत पोहोचली. खड्ड्यातील निखाऱ्यांवर अख्खे डुक्कर रात्रभर भाजण्याचे कष्टाचे काम दक्षिणेत मुख्यतः गुलामीतील आफ्रिकी वंशाच्या लोकांनी केले. पुढे त्यांच्या वंशजांनीच ही कला शहरांत नेली. बरगड्यांना स्वतंत्र बाजार मिळाला तो मात्र मांस-कारखान्यांमुळे. एकोणिसाव्या शतकात सिनसिनाटीसारख्या शहरांत डुकराचे मांस खारवून पिंपांत भरले जाई आणि हाडे जागा अडवत, त्यामुळे बरगड्या मातीमोल भावाने जात. गरिबाघरचा हा जिन्नस मेम्फिसमध्ये कोरड्या मसाल्यासह, तर कॅन्सस सिटीत टोमॅटो आणि मोलॅसिसच्या (म्हणजे उसाच्या मळीच्या) दाट सॉससह नावारूपाला आला.

सॉसमध्ये घालायची ती व्हिस्की म्हणजे नेमके काय, हा प्रश्न स्वयंपाकघराबाहेर सुटला, आणि माझ्या मते या पदार्थाच्या इतिहासातील तोच सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. 1906 मध्ये अमेरिकेत अन्न व औषध शुद्धतेचा कायदा झाल्यावर बाटलीवर जे लिहिले असेल तेच आत असणे बंधनकारक ठरले. कृषी खात्याच्या मुख्य रसायनतज्ज्ञांचे म्हणणे असे, की धान्यापासून गाळून जळक्या ओकच्या पिंपात मुरवलेले मद्य तेवढेच व्हिस्की. चवरहित मद्यार्कात पाणी, रंग आणि थोडी जुनी व्हिस्की मिसळून विकला जाणारा माल ही नक्कल. मिश्रण करणाऱ्या व्यापाऱ्यांनी याला कडाडून विरोध केला, कारण बाजारातील मोठा हिस्सा त्यांचाच होता. तीन वर्षे वाद चालला आणि 1909 च्या डिसेंबरात खुद्द राष्ट्राध्यक्षांनी निवाडा दिला : धान्यापासूनच्या सर्व प्रकारांना व्हिस्की म्हणता येईल, मात्र ती ‘स्ट्रेट’ (मिसळ नसलेली, मुरवलेली) आहे, मिश्र आहे की मद्यार्कापासून बनवलेली आहे, हे लेबलवर स्पष्ट लिहावे लागेल, मोलॅसिसपासून काढलेल्या मद्यार्काला मात्र हे नाव लावता येणार नाही. हा निवाडा तडजोडीचा म्हणून ओळखला जातो, पण मुरवलेल्या मालाची बाजू धरणाऱ्यांच्या पदरात त्यातून फक्त एक विशेषण पडले, असेच म्हणावे लागते.

दारूबंदीचा 1920 ते 1933 हा काळ सरल्यानंतरचे नियम याच वाटेने गेले. बर्बन या अमेरिकी व्हिस्कीसाठी किमान 51 टक्के मका आणि आतून जाळलेले कोरे ओकचे पिंप आवश्यक ठरले, आणि 1964 मध्ये संसदेने बर्बन हे अमेरिकेचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचा ठराव केला. 1989 पासून टेनेसीतील एका व्हिस्कीच्या गावी बार्बेक्यूची निमंत्रितांची स्पर्धा भरते (त्या काउंटीत मद्यविक्रीवर दीर्घकाळ बंदी होती, ही गंमत वेगळीच), आणि 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात एका रेस्टॉरंट-साखळीने व्हिस्कीच्या नावाने चकचकीत गोड सॉस देशभर नेला.

कोऱ्या जळक्या पिंपाचा प्रश्न सॉसमध्ये प्रत्यक्ष जाणवतो. जळालेल्या लाकडातून व्हिस्कीत उतरलेला व्हॅनिलाचा आणि करपलेल्या साखरेचा वास हिकरी लाकडाच्या धुराशी जुळतो, आणि मद्यार्क बराचसा उडाला तरी तो वास मागे राहतो. मद्यार्क पूर्ण उडतो, हा समज मात्र चुकीचा आहे : मंद आचेवर 15 मिनिटे उकळल्यावर सुमारे 40 टक्के आणि तासाभरानंतरही सुमारे 25 टक्के शिल्लक राहतो. बरगड्या 110 अंश सेल्सिअसच्या आसपास पाच-सहा तास धुरात राहतात, हाडाच्या टोकावरून मांस बोटाच्या पेराएवढे मागे सरकते, आणि त्यानंतरच, अखेरच्या अर्ध्या तासात, सॉस लावला जातो. आधी लावल्यास त्यातील साखर काळी पडून कडवट होते.

महाराष्ट्रातील वाचकाला यात एक अडचण येते. आपल्याकडे व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बाटल्यांचा आधार साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेला मद्यार्क असतो, म्हणजे 1909 च्या निवाड्याने जो वगळला तोच. युरोपीय संघही त्याला व्हिस्की मानत नाही. अशा बाटलीने केलेला सॉस गोड आणि तिखट होतो, पण त्यात पिंपाचा वास फारसा उतरत नाही.