श्वासातून जठराचं निदान : युरिया ब्रेथ टेस्टची पार्श्वभूमी

अल्सर, म्हणजे जठरातली जखम, होतो तो तिखटाने, जागरणाने आणि काळजीने, असं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टरही मानत. जठरातल्या आम्लात जंतू तग धरूच शकत नाही, ही समजूत पक्की होती. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना मात्र १९७९पासून जठराच्या बायोप्सीत, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यात, वाकडे जिवाणू दिसत होते. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांच्या जोडीला आले, पण जंतू प्रयोगशाळेत वाढेना. दोन दिवसांत काही उगवलं नाही की जंतू वाढवायची प्लेट टाकून देत. १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीत प्लेट तशीच राहिली आणि जंतू वाढलेला दिसला. तरी हा जंतू जठराला त्रास देतो हे कुणाला पटेना, म्हणून १९८४मध्ये मार्शल स्वतःच ते जंतू प्यायले. थोड्याच दिवसांत त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि बायोप्सीत जठराची सूज सापडली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

या जंतूची, म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरीची, जगण्याची युक्तीच पुढे निदानाला उपयोगी पडली. तो युरिएज हे एन्झाइम भरपूर बनवतो. त्यामुळे युरियापासून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. अमोनियामुळे जंतूभोवतीचं आम्ल सौम्य होतं, तर कार्बन डायऑक्साइड रक्तातून फुप्फुसात पोचतो. आपल्या पेशी हे एन्झाइम बनवत नाहीत. म्हणून ओळखता येईल असा कार्बन युरियात घालून तो प्यायला दिला आणि तोच कार्बन श्वासात सापडला, तर जंतू आहे. १९८७मध्ये ह्यूस्टनच्या डेव्हिड ग्रॅहम यांच्या गटाने कार्बन-१३ वापरून ही चाचणी मांडली. हा कार्बन किरणोत्सारी नाही, त्यामुळे लहान मुलांनाही चालतो.

रुग्ण उपाशीपोटी येतो, पिशवीत फुंकतो, युरियाचं पाणी पितो आणि साधारण अर्ध्या तासाने पुन्हा फुंकतो. दोन्ही नमुन्यांतला फरक मोजला की झालं. घशातून नळी घालावी लागत नाही. मला त्याहून मोठा वाटतो तो दुसरा फायदा: औषधांचा कोर्स संपल्यावर जंतू खरोखर गेला का, हे कळतं. रक्तातल्या अँटिबॉडी, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं, जंतू गेल्यावरही बराच काळ टिकतात, त्यामुळे रक्ततपासणीतून ते नीट कळत नाही. शौचाच्या नमुन्यात जंतूचे अंश शोधणारी अँटिजेन चाचणी मात्र इथे उपयोगी पडते.

आपल्याकडे एक अडचण हमखास येते. पित्ताची गोळी रोज सकाळी घेणारे पुष्कळ. पँटोप्राझोलसारखी गोळी निदान दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद नसेल, तर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. डॉक्टरांना हे आधी सांगायलाच हवं. शिवाय ही चाचणी जंतू दाखवते, जखम दाखवत नाही. काळी शौच, घटतं वजन किंवा घास अडकणं असेल, तर घशातून नळी घालून आत पाहणारी एंडोस्कोपीच करावी लागते.