लेसर उपचार, जखमेवरील

कमी शक्तीचे लाल किंवा अवरक्त लेसर किरण त्वचेवर पाडून जखम भरून येण्यास चालना देणारी उपचारपद्धती. शस्त्रक्रियेतील लेसरप्रमाणे यात ऊतक कापले वा जाळले जात नाही.

बूडापेस्टचे शल्यचिकित्सक एंड्रे मेस्टर (1903–84) हे या पद्धतीचे जनक मानले जातात. थीओडोर मेमन यांनी 1960 मध्ये पहिला रुबी लेसर चालविला. पुढे बॉस्टनच्या पॉल मॅकगफ यांनी लेसरने प्राण्यांतील अर्बुदे (पेशींच्या वाढीव गाठी) नष्ट केली. मेस्टर तोच प्रयोग उंदरांवर करीत होते. गाठी हटल्या नाहीत. त्यांच्या लेसरची शक्ती बरीच कमी असावी. मात्र भादरलेल्या जागी किरण पडलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. या निरीक्षणाचे वर्ष सामान्यतः 1967 देतात. क्वचित आढळणारे 1968 हे बहुधा प्रसिद्धीचे वर्ष होय. जखमा भरण्याविषयीचा त्यांचा बहुचर्चित निबंध 1971 चा आहे.

किरणांची क्रिया नेमकी कशी होते, यावर मतभेद आहेत. रशियन संशोधिका टीना कारू यांच्या मते मायटोकाँड्रियातील (पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांतील) सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे एंझाइम प्रकाश शोषते आणि एटीपी या पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या संयुगाची निर्मिती वाढते. या एंझाइमला चिकटलेले नायट्रिक ऑक्साइड प्रकाशाने सुटते व पेशीचे श्वसन मोकळे होते, ही याच मताची पुरवणी म्हणता येईल. परंतु हे एंझाइम नसलेल्या पेशींमध्येही विभाजन वाढलेले दिसले आहे. त्यामुळे कारू यांचे मत आधारभूत धरले, तरी तेवढ्यावर सगळा उलगडा होत नाही. तंतुजनक पेशी (फायब्रोब्लास्ट) वाढणे व त्वचेला बळकटी देणारे कोलॅजेन हे प्रथिन अधिक तयार होणे, हे परिणाम मात्र प्रयोगशाळेत वारंवार आढळले आहेत.

मात्रेला फार महत्त्व आहे. साधारणतः दर चौ. सेंमी.ला काही जूल ऊर्जा देतात. मात्रा वाढवीत गेल्यास चालना ओसरते व पुढे पेशींची वाढ रोखलीही जाते. हीलियम-निऑन लेसरची तरंगलांबी 632.8 नॅनोमीटर असते. खोलवर जाण्यासाठी अवरक्त डायोड वापरतात. ड्रेसिंग काढून, जखम धुऊन, कडांपासून तळापर्यंत किरण फिरवितात. रुग्ण व उपचारक दोघांनाही संरक्षक चष्मा आवश्यक असतो. कर्करोगाच्या गाठीवर किरण देत नाहीत.

बेळगाव येथे मधुमेही पायाच्या व्रणांच्या (चिघळलेल्या जखमांच्या) 68 रुग्णांवर झालेल्या चाचणीत (2012) 15 दिवसांत लेसर-गटातील व्रण अधिक आकसले. शिरांच्या विकाराने पायावर होणाऱ्या व्रणांबाबत असा लाभ सिद्ध झालेला नाही.