वटवाघळांचे हंगामी स्थलांतर (मराठवाडा)

गावाबाहेरच्या वडा-पिंपळांवर आणि जुन्या चिंचांवर उलट्या लटकणाऱ्या मोठ्या वाघळांची ऋतूंप्रमाणे होणारी ये-जा. ही जात म्हणजे भारतीय फळवाघूळ (टेरोपस मीडियस). पसरलेल्या पंखांची रुंदी सव्वा ते दीड मीटर भरते. वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांतील वाघळे निराळी. हे वाघूळ उघड्या झाडावरच राहते.

‘स्थलांतर’ हा शब्द इथे जपून वापरावा लागतो. आफ्रिकेतील पिवळट फळवाघळे दरवर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये झांबियातील कासांका उद्यानात लाखोंनी जमतात. मराठवाड्यातील वाघूळ असा ठरलेला लांबचा प्रवास करत नाही. ते बहर आणि पाणी यांच्यामागे सरकते. माघ-फाल्गुनात काटेसावर फुलते, चैत्रात किनवट-माहूरच्या रानात मोह गळतो, मग आंबा पाडाला येतो. मृगाच्या सुमारास जांभळे आणि लिंबोळ्या, पाऊस सरल्यावर बालाघाटच्या उतारांवर सीताफळे. मधल्या खंडात उंबर कामी येतो. सगळे उंबर एकाच वेळी फळत नाहीत, त्यामुळे कुठे ना कुठे खायला मिळते. म्हणूनच वाघळांचे एखादे झाड क्वचितच एकदम ओस पडते. गर्दी विरळ होते, पुन्हा दाटते. एकाच महिन्यात मोजून एखाद्या वस्तीबद्दल मत बनवणे चुकीचे ठरते.

खरा कस उन्हाळ्यात लागतो. मादीला वर्षाला एकच पिल्लू होते आणि बहुतेक पिल्ले उन्हाळ्याच्या तोंडावर किंवा ऐन उन्हाळ्यात जन्मतात. सुरुवातीचे काही आठवडे पिल्लू आईच्या पोटाला बिलगून तिच्याबरोबरच उडते. पारा 42 अंशांपुढे गेला की वाघळे पंखांनी वारा घेतात, अंग चाटून ओले करतात, जवळ पाणी असेल तर उडता उडता पोट भिजवून येतात. एवढ्यानेही भागले नाही तर ती झाडाखाली मरून पडतात. गोदावरी, पूर्णा, मांजरा यांच्या काठचे किंवा तलावालगतचे झाड त्यांना मोलाचे का, हे यावरून कळते. नदीचे पात्र कोरडे पडले की सावली असूनही तिथे निभाव लागत नाही.

वाघूळ फळ चावून रस गिळते आणि चोथा थुंकते. वड-उंबराचे बारीक बी मात्र पोटातून जाऊन दूरवर विष्ठेत पडते. ओसाड माळावर, पडक्या गढीच्या भिंतीवर उगवलेल्या वडामागे पुष्कळदा पक्ष्यांइतकाच वाघळांचाही हात असतो.

तरीही फळबागांचा शत्रू म्हणून 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळवाघळे उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. सांधेदुखीवर म्हणून वाघळाचे तेल काढण्यासाठी होणाऱ्या शिकारीला वैद्यकीय आधार नाही. त्याहून मोठा घाव रस्ता रुंदीकरणात पडणाऱ्या जुन्या वडांचा आहे: बदली लावलेल्या रोपावर वाघळांची वस्ती बसायला कित्येक दशके जावी लागतात.