म्युकरमायकोसिसला ‘काळी बुरशी’ हे नाव कसे चिकटले

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, 2021 च्या उन्हाळ्यात, ‘म्युकर’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. मधुमेह, स्टेरॉइड आणि हा आजार यांचे नाते तेव्हापासून सर्वांना ठाऊक आहे. नाकाभोवतीच्या सायनसमधून (हाडांतील हवेच्या पोकळ्यांतून) डोळ्याकडे आणि मेंदूकडे सरकणारा हा संसर्ग एरवी जगभर दुर्मीळ मानला जातो. वैद्यकाला त्याची ओळख मात्र शतकाहून जुनी आहे, आणि ती ओळख पटवण्याच्या कामात रंगाने सुरुवातीपासून गोंधळ घातला आहे.

माणसातील पहिली सर्वमान्य नोंद 1885 मधली आणि जर्मन भाषेतली. पुढच्या शतकात बुरशींचे वर्गीकरण जसजसे बदलले, तसतसे आजाराचे नावही फायकोमायकोसिस, झायगोमायकोसिस असे बदलत गेले. 2007 मध्ये झायगोमायकोटा हा वर्गच मोडीत निघाला आणि म्युकरमायकोसिस हे जुने नाव पुन्हा रूढ झाले. भारताचा वाटाही लक्षात ठेवण्याजोगा आहे. या कुळातील अपोफायसोमायसिस ही बुरशी 1979 मध्ये भारतातल्याच एका आमराईच्या मातीतून प्रथम वर्णिली गेली.

सायनसच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष 1943. त्या वर्षी अमेरिकेत मधुमेहाच्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. रक्तातील आम्लता वाढलेली असताना नाक, डोळा आणि मेंदू अशा क्रमाने पसरणारे आजाराचे रूप त्या नोंदीमुळे स्पष्ट झाले. 1950 च्या दशकात निदानाचे निकष मांडले गेले. चेहऱ्याच्या एका बाजूची वेदना, त्याच बाजूने येणारा रक्तमिश्रित स्राव, डोळ्याभोवतीची सूज, पापणी खाली येणे, डोळ्याची हालचाल थांबणे आणि नाकातील काळे पडलेले टर्बिनेट (नाकाच्या आतल्या बाजूच्या भिंतीवरचे हाडाचे वळसे) ही त्यांतील मुख्य लक्षणे होत. हे काळेपण वाळलेल्या रक्ताची खपली समजून सोडून दिले जाते, असा इशारा त्याच निकषांत होता.

इथेच ‘काळी बुरशी’ या नावाचा गुंता सुरू होतो. म्युकर कुळातील बुरशी काळी नसते. प्रयोगशाळेत ती आधी पांढऱ्या कापसासारखी वाढते आणि नंतर करडी किंवा तपकिरी होते. काळी पडते ती रुग्णाची ऊती. बुरशीचे तंतू रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरतात, आत गुठळी होते, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरतो. म्हणजे ज्या रंगावरून नाव पडले, तो रंग दिसेपर्यंत नुकसान झालेले असते. ज्यांच्या तंतूंत खरोखरच काळे रंगद्रव्य असते अशा बुरशी वेगळ्या आहेत, त्यांच्यामुळे होणाऱ्या आजारांना स्वतंत्र नाव आहे आणि उपचारांची दिशाही वेगळी आहे. भर म्हणून एमआरआयमध्येही ‘काळे टर्बिनेट’ हे चिन्ह वर्णिलेले आहे. तिथे काळे दिसते ते रक्त न पोहोचल्यामुळे, आणि डोळ्यांनी पाहताना नाकाचे आतले अस्तर अजून फिकटच असला तरी ते दिसू शकते. एकाच शब्दात असे तीन निरनिराळे अर्थ कोंबले गेले आहेत.

2021 मध्ये या नावाचे परिणाम ठळकपणे दिसले. कांद्याच्या सालीवरचा आणि फ्रीजच्या रबरावरचा काळा थर हाच आजार, असे संदेश पसरले, वास्तविक कांद्यावरची ती बुरशी वेगळ्याच कुळातली आहे. पाठोपाठ पांढरी आणि पिवळी बुरशीही बातम्यांत आली, तेव्हा रंगांवरून नावे देऊ नका असे तज्ज्ञांना जाहीरपणे सांगावे लागले. त्याहून गंभीर बाब अशी की हे नाव ऐकणारा माणूस घरी आरशासमोर काळा डाग शोधत बसतो आणि गालाच्या बधिरतेसारख्या सुरुवातीच्या लक्षणाकडे दुर्लक्ष करतो. ‘म्युकर’ हा बोलीतला आखूड शब्द या दृष्टीने पुष्कळ बरा होता.

20 मे 2021 रोजी केंद्राने राज्यांना हा आजार 1897 च्या साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले. मुंबईतील प्लेगमुळे जन्मलेला हा कायदा माणसाकडून माणसाला न होणाऱ्या आजाराला लावणे काहींना खटकले, आणि त्यामुळे संसर्गाची अनाठायी भीती वाढली हे नाकारता येणार नाही. तरीही मोजदाद झाली ती या निर्णयामुळेच. 28 जून 2021 पर्यंत देशात 40,845 रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी 31,344 जणांचा आजार नाक आणि मेंदूशी संबंधित होता. अँफोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाचा तुटवडा असताना राज्यांना साठा वाटून देण्यासाठी रुग्णसंख्येची माहिती हाताशी असणे अत्यावश्यक होते.

ओळखीची पद्धतही या काळात पुढे सरकली. नाकात दुर्बीण घालून घेतलेला ऊतीचा तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर रुंद, फितीसारखे, जवळजवळ काटकोनात फुटणारे तंतू त्याच दिवशी दिसू शकतात, कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढण्याची, वाट पाहावी लागत नाही. जुन्या निकषांत दातांचा उल्लेख नव्हता. 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र दातदुखी, दात हलू लागणे आणि जबड्याचा त्रास ही लक्षणे आली, आणि वरचे दात अचानक सैल झाले म्हणून आलेल्या मधुमेही रुग्णाचा सायनस तपासणे हे दंतवैद्यांच्याही कामाचा भाग बनले.