इराणी गालिच्याची ओळख त्याच्या पाठीवर

जाणकार माणूस गालिचा पाहायला बसला की आधी त्याचा कोपरा उलटतो. नक्षीची नक्कल कुणीही करू शकतो; काशान या इराणी शहराची नक्षी आज इराणबाहेरही विणली जाते. पाठ मात्र लपवता येत नाही. गाठ कोणती, ताणा (उभे धागे) सुती की लोकरीचा, गाठींच्या दोन ओळींमध्ये बाणा (आडवा धागा) किती वेळा फिरला, हे तिथे उघड दिसते आणि त्यावरून गालिचा कुठल्या भागातला, हे बऱ्याचदा सांगता येते.

मागावर ताणा ताणायचा, त्याच्या दोन-दोन धाग्यांभोवती रंगीत लोकरीची गाठ मारायची, टोके कापायची. ओळ पुरी झाली की बाणा घालून पंजाने, म्हणजे दातेरी फणीने, ठोकायचा. लव म्हणजे याच गाठींची वर आलेली टोके. गाठ दोन तऱ्हेची. सममित गाठीत लोकर दोन्ही धाग्यांना वेढा घालते. असममित गाठीत एकालाच पूर्ण वेढते आणि दुसऱ्याच्या मागून निघते. काशान, इस्फहान, केरमान इथे असममित गाठ चालते, तर तबरीझचे कारागीर आकडीच्या सुरीने सममित गाठ मारतात. हमदानच्या खेड्यांत एकच बाणा, केरमानला तीन. बिजारमध्ये बाणा इतका घट्ट ठोकतात की तिथला गालिचा घडी घालायलाही जड जातो. भटक्या टोळ्यांचा ताणा लोकरीचा असतो, कारण मेंढरे घरची आणि कापूस विकतचा.

ही कला किती जुनी, याचा पुरावा सायबेरियात मिळाला. 1949 साली रशियन पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुदेन्को यांना अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक इथे, बर्फाने गोठलेल्या थडग्यात, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा लोकरी गालिचा सापडला. तो कुठे विणला यावर एकमत नाही, पण चौरस सेंटिमीटरला सुमारे 36 सममित गाठी आहेत. म्हणजे तोवर हे तंत्र चांगलेच मुरलेले होते.

इराणी गालिच्याचा सुवर्णकाळ सफवी घराण्याच्या राजवटीचा, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकांचा. अर्दबील या इराणी शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रसिद्ध जोडीपैकी एक गालिचा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यावर मकसूद काशानीचे नाव आणि हिजरी 946, म्हणजे इ.स. 1539-40, हे साल विणलेले आहे. लांबी साडेदहा मीटर, गाठी अडीच कोटींहून अधिक. ताणाबाणा रेशमी, लव मात्र लोकरीची. बारीक रेशमी ताण्यामुळे गाठी दाट बसल्या आणि रंगांची खोली लोकरीने दिली. 1893 मध्ये इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिस यांच्या शिफारशीवरून तो 2000 पौंडांना घेतला गेला. त्याची दुरुस्ती जोडीदाराचे भाग कापून झाली होती, म्हणून लॉस एंजेलिसमधल्या त्या दुसऱ्या गालिच्याला आज मूळची पूर्ण किनार नाही. त्या काळातल्या या जोडीची एवढी मोडतोड व्हावी, याचे मला फार वाईट वाटते.

1722 मध्ये अफगाणांनी इस्फहान घेतले आणि दरबारी कारखाने बंद पडले. खेड्यांत आणि टोळ्यांत विणकाम चालूच राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपची मागणी वाढली. तबरीझचे व्यापारी आणि मँचेस्टरची झिगलर कंपनी यांनी भांडवल ओतले. झिगलरने सुलतानाबादेत, आजच्या अराकमध्ये, युरोपी दिवाणखान्यांना शोभेल अशी नक्षी विणून घेतली.

याच घाईत ॲनिलिन रंग, म्हणजे पहिले कृत्रिम रंग, शिरले. मंजिष्ठेचा लाल, निळीचा निळा, डाळिंबाच्या सालीचा पिवळट रंग जमायला वेळ लागतो. नवा रंग स्वस्त होता, पण उन्हात उडत होता. तेव्हा इराणवर राज्य करणाऱ्या काजार घराण्याच्या सरकारने त्याच्या आयातीवर बंदी घातली, तरी तो येत राहिला. पुढे आलेल्या क्रोम रंगांनी, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराने पक्क्या केलेल्या कृत्रिम रंगांनी, टिकाऊपणाचा प्रश्न बराच सोडवला. लबाडी गाठीतही आली: खोरासानमधली जुफ्ती गाठ दोनऐवजी चार धाग्यांवर मारतात. काम झटपट उरकते, पण लव विरळ बसते आणि लवकर झिजते.

म्हणूनच केवळ गाठी मोजून किंमत ठरवणे मला चुकीचे वाटते. मेंढीच्या मानेखांद्यावरची मऊ, तकतकीत लोकर, जिला कुर्क म्हणतात, आणि चुन्याने कातड्यावरून सोडवलेली निर्जीव लोकर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो गाठींच्या आकड्यात दिसत नाही. अब्रश, म्हणजे एकाच रंगात उमटलेले फिके-गडद पट्टे, हाही दोष नव्हे. लोकर थोडी थोडी रंगवली की प्रत्येक घाण्याची छटा वेगळी येतेच.

2010 मध्ये युनेस्कोने फार्स आणि काशानच्या विणकामाला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्याच वर्षी अमेरिकेने इराणी गालिच्यांची आयात पुन्हा थांबवली. 2016 मध्ये ती खुली झाली आणि 2018 मध्ये परत बंद. विणणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने आहेत, अनेकींचा माग घरातच असतो, आणि मागणी घटली की त्यांची मजुरी बुडते.