कोड नाही म्हणजे दोष नाही?

सेकंडहँड गाड्यांच्या जाहिरातींत हल्ली ‘स्कॅन केलेली गाडी, एकही कोड नाही’ असं सर्रास लिहिलेलं असतं, आणि घेणारा त्यावर निर्धास्त होतो. उलट काही लोक स्कॅनरवर एखादा कोड दिसला की सौदाच मोडतात, नाहीतर कोडपुढे ज्या पार्टचं नाव येतं तो पार्ट बदलून मोकळे होतात. दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. गाडीतला संगणक, म्हणजे ईसीयू, बिघाड थेट बघतो असं आपण धरून चालतो. तो बिघाड बघत नाही. तो ठरलेल्या चाचण्या घेतो आणि जी चाचणी नापास झाली तिचा क्रमांक, म्हणजे कोड, नोंदवतो. चाचणी झालीच नसेल तर नोंदही नसते.

मुळात ही व्यवस्था मेकॅनिकच्या सोयीसाठी आलेली नाही, ती हवेसाठी आली. लॉस एंजेलिसवर साचणारं धुरकं मोटारींच्या धुरावर ऊन पडून तयार होतं, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. पुढे कॅलिफोर्नियाने धुरावर कडक मर्यादा घातल्या. पण शोरूममधून निघताना स्वच्छ असलेली गाडी पाच-सात वर्षांनी काय ओकते, हे कोण बघणार? तर गाडीनेच बघायचं. त्यातून १९८८ पासून कॅलिफोर्नियात ओबीडीचा (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, म्हणजे गाडीने स्वतःलाच तपासायची व्यवस्था) पहिला टप्पा आला आणि १९९६ पासून अमेरिकेतल्या नव्या मोटारींना ओबीडी-२ सक्तीचं झालं. भारतात चारचाकींसाठी पहिला टप्पा २०१० साली आणि दुसरा २०१३ साली लागू झाला. म्हणून इंजिनाचे कोड प्रामुख्याने धूर बिघडवणाऱ्या दोषांचे असतात. घासलेली क्लचप्लेट, गळके शॉकअप, सडलेला पत्रा, चॅसीला लागलेला मार यांची खबर स्कॅनरला नसते.

कोडची रचना सोपी आहे. पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन किंवा गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारख्या यंत्रणा, आणि यू म्हणजे गाडीतल्या निरनिराळ्या संगणकांचा आपसांतला संवाद. त्यापुढचा अंक ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. तिसऱ्या जागी १ किंवा २ म्हणजे हवा-इंधनाचं मिश्रण, ३ म्हणजे ठिणगी आणि मिसिंग (सिलिंडरमध्ये इंधन न पेटणं), ४ म्हणजे धूर आवरणाऱ्या यंत्रणा. यू-कोड बॅटरी उतरल्यानेही येतात. पण एकाच गाडीत ते ढिगाने आणि पुन्हापुन्हा दिसत असतील तर वायरिंगचे कनेक्टर उघडून हिरवट गंज आहे का ते पाहावं. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ साली चिपळूणला आलेल्या पुरांनंतर हे तपासणं आपल्याकडे फार गरजेचं झालं आहे.

आता पी ०४२० घेऊ. ‘कॅटलिस्टची कार्यक्षमता मर्यादेखाली’ एवढाच त्याचा अर्थ स्कॅनर दाखवतो आणि गॅरेजमध्ये महागड्या कॅटलिटिक कन्व्हर्टरचं, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणाऱ्या डब्याचं, एस्टिमेट तयार होतं. पण ईसीयूला हे कळलं कसं? कन्व्हर्टरमधून किती विषारी वायू बाहेर पडतो हे मोजणारं काहीही गाडीत नसतं. ही चाचणी आडवाटेने घेतली जाते, आणि मला तरी मोटारीतली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते. ईसीयू हे प्रमाण अगदी स्थिर ठेवत नाही. तो मिश्रण कधी किंचित इंधनाकडे, कधी किंचित हवेकडे झुकवत राहतो. कन्व्हर्टरच्या आधी बसवलेला ऑक्सिजन सेन्सर हे झोके टिपतो. त्यात झिर्कोनियम ऑक्साइडचं चिनी मातीसारखं कवच असतं. ते तीनेकशे अंशांच्या वर तापलं की त्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात, आणि कवचाच्या एका बाजूची ताजी हवा व दुसऱ्या बाजूचा धूर यांतल्या ऑक्सिजनच्या फरकावर विद्युतदाब तयार होतो. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, संपला असेल तर ०.९ च्या आसपास. त्यामुळे पुढच्या सेन्सरचा आलेख सतत वरखाली होत राहतो. (नव्या गाड्यांत पुढे वाइडबँड सेन्सर असतो. त्याचे आकडे वेगळे दिसतात, तत्त्व हेच.)

कन्व्हर्टरमध्ये जाळीदार सिरॅमिकवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा थर असतो हे अनेकांनी वाचलेलं असतं. सिरियम ऑक्साइड मात्र फारसं कोणाला ठाऊक नसतं. सिरियमच्या अणूला दोन अवस्थांमध्ये सहज ये-जा करता येते. धुरात ऑक्सिजन जास्त झाला की सिरियम ऑक्साइड तो स्वतःच्या स्फटिकात सामावून घेतं. ऑक्सिजन कमी पडला की तेच साठ्यातला परत देतं, आणि त्यावर कार्बन मोनॉक्साइड व न जळलेलं पेट्रोल जळतं. गावाला दिवसाआड पाणी आलं तरी घरातला नळ टाकीमुळे रोज वाहतो, तसंच हे. आत येणाऱ्या धुरात झोके असले तरी बाहेर पडणारा धूर जवळपास एकसारखा असतो. म्हणून कन्व्हर्टरनंतरच्या दुसऱ्या सेन्सरचा आलेख ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास शांत राहतो.

कन्व्हर्टर म्हातारा होतो तसा हा साठा आटतो. अति उष्णतेने सिरियम ऑक्साइडचे बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि त्यांचा पृष्ठभाग घटतो. इंजिन ऑइल पीत असेल तर ऑइलमधलं फॉस्फरस त्यांच्यावर बसतं. मग मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागतो. दोन्ही आलेख सारखे हलू लागले आणि ईसीयूच्या हिशेबात साठा ठरलेल्या मर्यादेखाली गेला, की पी ०४२०.

म्हणजे मोजला गेला तो ऑक्सिजनचा साठा, आणि तोही दोन सेन्सरच्या तोंडून. मागच्या सेन्सरजवळ सायलेन्सरच्या पाइपला भेग असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन हिशेब चुकू शकतो. सेन्सरच बिघडलेला असू शकतो. आणि कन्व्हर्टर खरोखर मेला असेल, तरी त्याला कोणी मारलं हा प्रश्न उरतोच. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग. त्यात न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि त्याला भाजून काढतं. म्हणूनच चेक इंजिनचा दिवा नुसता पेटला तर गॅरेज गाठायला सवड असते, पण तो लुकलुकू लागला तर पाय अॅक्सिलरेटरवरून काढायचा असतो. खराब कॉइल (प्लगच्या ठिणगीला वीज पुरवणारी) किंवा ऑइल पिणारं इंजिन तसंच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. विकत घेताना पी ०४२० दिसला तर आधी ऑइलची पातळी, प्लग आणि कॉइल पाहावेत, कन्व्हर्टरची किंमत नंतर विचारावी. गाडीखाली वाकून मागचा सेन्सरही पाहावा. तो एखाद्या जादा पोकळ तुकड्यावर उंच बसवलेला असेल, तर चाचणीला फसवण्यासाठी त्याला धुराच्या झोतातून मुद्दाम बाहेर काढलेलं आहे.

राहिला कोरा रिपोर्ट. गाडीतल्या स्कॅनर जोडायच्या सॉकेटमध्ये लावलेल्या साध्या ब्लूटूथ डोंगलनेही कोड क्षणात पुसता येतात. बहुतेक दोष एकदा दिसले तर ईसीयू ते ‘पेंडिंग’ म्हणून ठेवतो आणि पुढच्या फेरीत पुन्हा दिसले तरच दिवा लावतो. म्हणजे आज सकाळी कोड पुसले तर दुपारी गाडी दाखवताना दिवा बहुधा बंदच असणार. पण कोड पुसताना चाचण्यांच्या निकालांची पाटीही कोरी होते आणि स्कॅनरच्या ‘रेडिनेस’ पानावर त्यांच्यापुढे ‘अपूर्ण’ असं येतं. कॅटलिस्टची चाचणी पूर्ण व्हायला इंजिन तापून गाडी काही काळ एकसारख्या वेगाने चालावी लागते. शहराच्या गर्दीत ती दिवसेंदिवस अपूर्ण राहू शकते, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या एका फेरीत ती सहसा होऊन जाते. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली आणि इंजिन किती वेळा थंड होऊन पुन्हा तापलं, हेही बऱ्याच गाड्यांत वाचता येतं. रोज वापरातली म्हणून सांगितलेल्या गाडीत हे अंतर १२ किलोमीटर निघालं, तर विकणाऱ्याला त्याचं कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणखी एक साधी गोष्ट: किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, चेक इंजिनचा दिवा पेटायलाच हवा. तो पेटला नाही तर दिवा निकामी आहे किंवा केलेला आहे.

स्कॅनरच्या याच सॉकेटमध्ये घालायची ‘मायलेज वाढवणारी चिप’ ऑनलाइन विकली जाते. अशी उपकरणं उघडून पाहणाऱ्यांना आत लुकलुकणारे दिवे आणि ते लुकलुकवण्यापुरतं सर्किट सापडलं आहे. गाडीच्या संदेशवाहिनीशी बोलणारा भागच त्यांत नव्हता. बंपरला लिंबू-मिरची बांधून अपघात टळत नाही आणि या चिपने पेट्रोल वाचत नाही. पैसे प्लग आणि एअर फिल्टरवर घालवावेत.

महाराष्ट्रात बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्या पुष्कळ आहेत, त्यांचं थोडं निराळं आहे. ईसीयू मिश्रण सावरण्यासाठी इंधन किती टक्के जास्त किंवा कमी सोडतोय, याचा हिशेब ‘फ्युएल ट्रिम’ म्हणून दिसतो. गॅसचं ट्यूनिंग चुकलेलं असेल तर हा आकडा एकीकडे सरकत जातो आणि पी ०१७१ (मिश्रणात इंधन कमी) किंवा पी ०१७२ (इंधन जास्त) येतो, इंजिनात काहीही मोडलेलं नसताना. अशी गाडी आधी पेट्रोलवर चालवून ट्रिम पाहावा, मग गॅसवर. पेट्रोलवर तो शून्याजवळ राहून गॅसवर वीस टक्क्यांकडे जात असेल, तर काम किटवाल्याकडचं आहे. दोन्हीवर तेवढाच वर असेल आणि इंजिनाचे आरपीएम वाढवल्यावर खाली येत असेल, तर इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेकच्या एखाद्या रबरी पाइपला चीर गेली असण्याची शक्यता सर्वांत मोठी. तो पाइप बहुधा काहीशे रुपयांत मिळतो.